बाबांची गाडी अन् आठ वर्षांनंतरची बॅटरी

मंडळी, नमस्कार.

दारव्ह्याला बाबांसाठी गाडी घ्यायची आहे. आठवड्यातून दोनदा यवतमाळ, बाकी घर ते वावर. वर्षाला दहा-बारा हजार किलोमीटर झाले तर खूप. इलेक्ट्रिकचं नाव काढलं की बाबा म्हणतात, "आठ वर्षांनी बॅटरी बसली का गाडीयेवढा खर्च. त्यापेक्षा बैलजोडी घेऊन दे." मेहुणा म्हणतो, दोन वर्षं थांबा, सॉलिड स्टेट (आत द्रवाऐवजी घन पदार्थ असलेली नवी बॅटरी) येते आहे. कोणाचं ऐकू?

— बंडू, डॅलस

---

बंडू,

मेहुण्याचं तर अजिबात ऐकू नकोस. टोयोटा सॉलिड स्टेटसाठी २०२७-२८ म्हणते आहे. आली तरी आधी महागड्या गाड्यांत बसेल, बाबांच्या बजेटमध्ये उतरायला आणखी किती वर्षं जातील!

बाबांची शंका मात्र रास्त आहे. ब्लूमबर्गच्या पाहणीनुसार बॅटरीचा सरासरी भाव २०१० मध्ये किलोवॉट-तासाला (म्हणजे विजेच्या एका युनिटएवढ्या साठ्याला) हजार डॉलरच्या वर होता, २०२४ मध्ये ११५ वर आला. त्या हिशेबाने ३० किलोवॉट-तासाची बॅटरी साडेतीन हजार डॉलरची, म्हणजे तीन लाखांच्या आसपास. पण हा झाला गाडी बनवणाऱ्यांचा भाव. सर्व्हिस सेंटर त्या भावात देणार नाही, वर मजुरी लावेल. शिवाय इलेक्ट्रिक गाडीवर जीएसटी ५ टक्के असला तरी सुटी बॅटरी १८ टक्क्यांत जाते.

आता आयुष्य. लिथियम-आयर्न-फॉस्फेटची बॅटरी असेल तीच गाडी बघ. एका चार्जमध्ये जरा कमी पळते, पण दोन-तीन हजार वेळा चार्ज झाली तरी टिकते. वॉरंटी बहुतेक ठिकाणी ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर, आणि बाबांचे तोवर लाखभरही होणार नाहीत. थोडक्यात, त्यांची बॅटरी वापराने नाही, वयाने आणि उन्हाने म्हातारी होईल. क्षमता किती टक्क्यांखाली गेली की बदलून देणार आणि एकच मोड्यूल (बॅटरीतला एक सुटा भाग) बिघडलं तर तेवढंच बदलतात का, हे कागदावर घे. सेल्समनच्या तोंडी शब्दावर जाऊ नकोस.

ऊन म्हणजे काय ते आमच्या ॲरिझोनाने पाहिलं आहे. सुरुवातीच्या निसान लीफ या इलेक्ट्रिक गाडीला बॅटरी थंड ठेवणारी लिक्विड कूलिंगची सोय नव्हती. इथल्या उन्हाळ्यात तिची क्षमता इतकी झपाट्याने उतरली की २०१२ मध्ये मालकांनी बोंब मारली आणि कंपनीला क्षमतेची वेगळी वॉरंटी द्यावी लागली. त्यामुळे लिक्विड कूलिंग नसलेली गाडी विदर्भात स्वस्त मिळाली तरी नको.

— शुभदा, फिनिक्स

---

बंडू,

शुभदाताईंनी सगळं सांगितलं, पण मी आता राळेगावात बसलो आहे, तर इकडचं सांगतो. बॅटरीआधी घरची वायरिंग पाहा. पंधरा अँपियरचा सॉकेट लागते, अन् तो घरातल्या जुन्या लाईनवर नाही, मीटरपासून वेगळी वायर ओढून. संध्याकाळी सगळ्या गावाचे पंखे-कूलर चालू झाले का व्होल्टेज पडते, तेव्हा चार्जिंग रात्री अकरानंतर.

खरी गंमत अर्थिंगची. आपली काळी माती मे महिन्यात हात जाईल एवढी भेगाळते, खड्डा कोरडा पडते अन् चार्जर लाल दिवा दाखवून बंद होते. लोक म्हणते गाडी खराब. गाडी काय खराब? खड्ड्यात मीठ-कोळसा भरून उन्हाळ्यात रोज बादलीभर पाणी टाकलं का झालं.

अन् काकांना सांग, टिनाच्या शेडखाली नाही, कडुलिंबाच्या सावलीत लावा. फुल चार्ज करून पंचेचाळीस डिग्रीत दिवसभर उभी ठेवायची नाही. यवतमाळला जायचं त्याच्या आदल्या रात्री लावायची.

आमचा वायरमन बुधवारी दारव्ह्याला जाणारच आहे. त्याले काकांचं मीटर पाहायला सांगतो. लोड वाढवायचा असेल तर मागचं बिल काढून ठेवायला लावजो.

— दिलीपभाऊ