ग्रामसभेत उभी राहिले की आवाजच फुटत नाही. काय करू?

घेवड्याची शेंग (कोरेगाव तालुका), 19 ऑगस्ट

मी आमच्या गावात ग्रामपंचायत सदस्य आहे. वॉर्डातली जागा महिला राखीव निघाली, घरच्यांनी फॉर्म भरला, भावकीनं निवडून आणलं. मी बारावी झालेय, घरी ब्लाऊज शिवते. मशीनवर बसले की माझं तोंड बंद नसतं. मापाचा ब्लाऊज न आणता आलेल्या बाईला सरळ माघारी पाठवते, मग ती कुणाची का सून असेना. म्हणजे मुळात मी लाजरी नाही.

पण ग्रामसभेत माझा पार दगड होतो. दोन वर्षं दाराजवळच्या खुर्चीवर बसून चहा घेऊन येते. बोलायचं ते आमचे हे बोलतात. प्रोसिडिंगचं, म्हणजे सभेत काय ठरलं ते लिहायचं रजिस्टर शिपाई घरी घेऊन येतो. मी पीठ मळत असले तर हात पुसते, तो बोट ठेवील तिथं सही करते.

अंगणवाडीच्या वळणावरचा दिवा तीन महिने बंद आहे. तिथंच उघडं गटार. माझीच पुतणी त्यात पडली, गुडघ्याला चार टाके. म्हणून 15 ऑगस्टला ठरवून उभी राहिले. "माझं असं म्हणणं आहे की..." एवढं बोलले आणि घसा आवळला. पुढचं काही आठवेना. मागून कुणीतरी म्हणालं, "वहिनी, चहाचं बघा." सगळे हसले. हेही हसले, ते जास्त लागलं. मी खाली बसले, आणि खरंच चहाचं बघायला गेले.

सावित्रीबाईंचं नायगाव आमच्याच जिल्ह्यातलं. 3 जानेवारीला शाळेत त्यांच्या फोटोसमोर समई लावायला मला बोलावतात आणि भाषण ह्यांना करायला सांगतात.

आता 2 ऑक्टोबरची ग्रामसभा येईल. धीर कसा आणायचा, ज्याला जमलंय त्यानं सांगा.

उगाच एक, 19 ऑगस्ट

ताई, रोज सकाळी आरशासमोर उभं राहून "मी करू शकते" असं 21 वेळा म्हणा. सकारात्मक विचार ठेवा. मोबाईलवर प्रेरणादायी भाषणं ऐका.

घेवड्याची शेंग

आरसा न्हाणीघरात आहे. तिथं मी उत्तम बोलते.

डबलबेल (सातारा), 20 ऑगस्ट

ताई, मी एसटीत कंडक्टर आहे, अकरा वर्षं झाली. आज माझा आवाज स्टँडच्या ह्या टोकाचा त्या टोकाला ऐकू जातो, पण पहिल्या महिन्याचं सांगते.

मला बामणोलीची गाडी दिली होती. सातारा सोडलं की यवतेश्वरचा घाट, मग कास, मग खाली उतरून शिवसागर. फलाटावर उभं राहून "कास, बामणोली" असं ओरडायचं एवढंच काम, पण मी गाडीच्या दाराला धरून पुटपुटायची. माणसं दुसऱ्या गाडीत बसून निघून जायची. "पुढं सरका" म्हणायचे तर ते मलाच ऐकू यायचं नाही.

आमचे ड्रायव्हर मामा रिटायरमेंटला आलेले. एकदा डबा खाताना म्हणाले, "पोरी, तू बेल दिल्याबिगर माझा पाय क्लचवरनं उठत न्हाई. एक वाजली की थांबायचं, दोन वाजल्या की निघायचं. मग गाडी कोन चालवतंय, मी का तू?" मी हसले, पण ते डोक्यात राहिलं.

पुढं एका शनिवारी कास बघायला निघालेली सहा-सात पोरं चढली. तिकीट मागितलं तर एक म्हणाला, "मॅडम, आधी गाणं म्हणा." बाकीचे खिदळायला लागले. माझं तुमच्यासारखंच झालं. घसा बंद, कानशिलं गरम. बोलता येईना म्हणून हात वर गेला आणि मी दोरी ओढली. एकच बेल. मामांनी घाटातल्या वळणापुढं जागा बघून गाडी बाजूला घेतली आणि इंजिनही बंद केलं. मागं वळूनसुद्धा बघितलं नाही.

मी काही बोलले नाही. तिकिटाचं मशीन धरून नुसती उभी राहिले. गाडीत चिडीचूप. बाहेर वारा आणि कुणाच्या तरी पिशवीतल्या कोंबडीची फडफड. दोन-तीन मिनिटं गेली असतील, मला तासभर वाटली. मग मागच्या सीटवरची म्हातारी कडाडली, "दे की रं पैसं मुडद्या, माझी म्हस धारंला खोळंबली!" पोरानं पैसे काढले. माझे हात इतके थरथरत होते की मोड देताना दहाच्या जागी पन्नासाची नोट गेली. ते 40 रुपये संध्याकाळी डेपोत हिशेबाला मी खिशातून भरले.

धीर आधी आला आणि मग मी दोरी ओढली, असं झालं नाही. दोरी माझ्या हातात होती, म्हणून निभावलं. आवाज त्यानंतर सहा-आठ महिन्यांनी सुटला. आजही लाईन चेकिंगवाले चढले की पोटात गोळा येतो, हिशेब चोख असला तरी.

तुम्ही दोन वर्षं आवाज शोधताय. आधी तुमची दोरी कुठली ते बघा. मला विचाराल तर ती तुमची सही आहे. रजिस्टर घरी येतं म्हणजे त्यांना तुमच्या सहीची गरज आहे. पुढच्या वेळी पिठाचे हात पुसू नका. म्हणा, "ऑफिसात येऊन वाचते, मग करते." हे बोलायला माईक लागत नाही आणि समोर एकटा शिपाई असतो.

निवृत्त भाऊसाहेब (तासगाव), 21 ऑगस्ट

मी ग्रामसेवक होतो. कंडक्टर ताईंनी वर्मावर बोट ठेवलं. खोटं कशाला बोलू, मीही रजिस्टरं घरोघर पाठवली आहेत. 2011 पासून निम्म्या जागा महिलांच्या झाल्या, पण सह्या मात्र चुलीपाशीच होत राहिल्या. त्यात आमची सोय होती.

आता कामाचं सांगतो. दिव्याचा विषय तोंडी ठेवू नका. साध्या कागदावर अर्ज लिहा, ऑफिसात द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक नंबर घेतल्याशिवाय उठू नका. विषय अजेंड्यावर घ्या असं त्यातच लिहा. ग्रामसभेची नोटीस सात दिवस आधी निघते, तेव्हा सप्टेंबरच्या मध्यापर्यंत कागद आत गेला पाहिजे. विषयपत्रिकेवर आला की तो वाचायचं काम सरपंच-ग्रामसेवकांचं. तुम्हाला शून्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

दुसरं, ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते. बऱ्याच गावांत ती कागदावरच होते. तुम्ही ती खरी भरवा. तुमच्या ब्लाऊजवाल्या गिऱ्हाईक बायका तिथं येतील, आणि त्यांच्यासमोर तुमची जीभ चालते हे तुम्हीच लिहिलंय. तिथला ठराव ग्रामसभेपुढं ठेवावा लागतो.

आणि "माझं असं म्हणणं आहे" हे सोडा. म्हणण्यावर लोक हसू शकतात. सरळ विचारा, "अंगणवाडीपुढचा दिवा कुठल्या तारखेला लागणार?" प्रश्नाला कुणाला तरी उत्तर द्यावं लागतं, मग घाम त्याला फुटतो.

गर्दीचं म्हणाल तर कोरम, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, 15 टक्के मतदार किंवा 100, यात जो आकडा कमी तो. प्रत्यक्षात किती डोकी असतात, एकदा मोजा.

मिरजेचा तंबोरा, 21 ऑगस्ट

मी नाटकात छोटी कामं करतो. पहिलं वाक्य झोपेतून उठवलं तरी म्हणता येईल इतकं पाठ करा, बाकीचं येतं. आणि दाराजवळची खुर्ची सोडा, तिथून पळून जाणं फार सोपं असतं. यजमान हसले त्याबद्दल मात्र त्यांच्याशी घरी बोला. ते काम ग्रामसभेपेक्षा अवघड आहे, मला ठाऊक आहे.

घेवड्याची शेंग, 5 ऑक्टोबर

सांगायचं राहिलं म्हणून लिहिते. आधी रजिस्टरचं. शिपाई आला, मी म्हटलं ऑफिसात येते. तो म्हणाला, "वहिनी, एवढ्यासाठी कशाला हेलपाटा?" मी पोळी लाटत राहिले. तो पाच मिनिटं उंबऱ्यात उभा राहून गेला. दुसऱ्या दिवशी ऑफिसात बसून सगळं वाचलं. आपण मंजूर केलेली तीन कामं मला माहीतच नव्हती.

महिलांच्या सभेला 22 बाया आल्या. गटाराला झाकण आणि दिवा, दोन्ही ठराव झाले. एकीनं मध्येच अस्तराचा भाव विचारला, तोही सांगितला.

2 तारखेला मोजलं. 34 माणसं होती, त्यातली 9 आमच्या भावकीतली. मी पुढून दुसऱ्या खुर्चीवर बसले. विषय वाचला गेला, उभी राहिले, पाय लटलटत होते. तारीख विचारली. परत मागून आवाज आला, "वहिनी, चहा?" मला काही सुचलं नाही. नुसती वळून त्याच्याकडे बघत राहिले, एक बेल दिल्यासारखी. सभा गप्प. शेवटी तोच खाली बघायला लागला. सरपंच म्हणाले, दिवाळीच्या आत. मी म्हटलं, तसं प्रोसिडिंगमध्ये लिहा. लिहिलं.

ह्यांच्याशी अजून नीट बोलणं झालेलं नाही. घरी येताना गाडीवर एवढंच म्हणाले, "आवाज कापत होता तुझा." मी म्हटलं, हो.

दिवा अजून बंदच आहे. वायरमन म्हणतो, दिवा आणून द्या, मी लगेच चढवतो. बाजारात तसाही मिळतोय. शनिवारी मीच कोरेगावहून आणू का?

निवृत्त भाऊसाहेब

अजिबात नाही. दिवा पंचायतीनं आणायचा. एकदा स्वतःच्या पैशानं आणलात की गावातले सगळे खांब तुमच्याच गळ्यात.

घेवड्याची शेंग

बरं. मग सोमवारी ऑफिसात जाते.