नवे ग्राफिक्स कार्ड घेण्यापूर्वी

म्हापशातील आपल्या संगणकावर खेळ सुरुवातीला नीट चालतो आणि थोड्या वेळाने अडखळू लागतो, असे आपण लिहिले आहे. त्यावर आधीच्या एका उत्तरात सुचवलेला नवे ग्राफिक्स कार्ड (पडद्यावरील चित्रे तयार करणारा भाग) घेण्याचा उपाय मला घाईचा वाटतो. आधी चांगले चालून मग मंदावणे हे बहुधा उष्णतेचे लक्षण असते, कारण तापमान ठरावीक मर्यादेला, म्हणजे बऱ्याच प्रोसेसरांच्या बाबतीत ९५ ते १०० अंश सेल्सिअसला, पोहोचले की प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग कमी करतो. गोव्याच्या दमट हवेत हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाच्या) फटींत धुळीचा चिकट थर बसतो आणि तो नुसत्या फुंकरीने निघत नाही. त्यामुळे वीजजोडणी काढून मऊ ब्रशने तो साफ करावा, थर्मल पेस्ट (प्रोसेसर व हीटसिंक यांच्यामधील उष्णतावाहक लेप) वाळली असल्यास बदलावी आणि मग खेळ चालू असताना तापमान व क्लॉक स्पीड (प्रोसेसरचा चालण्याचा वेग) दोन्ही एकत्र पाहावेत. एकटे तापमान पाहून फारसे काही कळत नाही.

विंडोज सुरू व्हायलाच वेळ लागतो, ही आपली दुसरी तक्रार मात्र वेगळी आहे. ती जुन्या हार्ड डिस्कमुळे असावी. तिच्या जागी एसएसडी (माहिती साठवणारी अधिक वेगवान डिस्क) बसवल्याने ती दूर होईल, परंतु खेळातील फ्रेम रेट (दर सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या) तेवढ्याने सहसा वाढत नाही.