अनुभव धागा: अपघाताचा क्लेम नेमका कुठे अडतो?

रामबागकर
सकाळी पेपरात बायपासवरच्या अपघाताची बातमी दिसली, 'तीन जखमी' एवढीच ओळ, आणि जुन्या क्लेमच्या फायली डोळ्यापुढे आल्या. जखमींचं पुढे काय होतं ते कोणी छापत नाही. आपल्यापैकी बरेच जण कोर्ट, विमा, हॉस्पिटल यांतच आहेत. ज्याला जे पक्कं माहीत आहे ते लिहा. कहाण्या नकोत, कामाचं लिहा.

सुरुवात मी करतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 166 चा भरपाईचा दावा तीन ठिकाणी टाकता येतो: अपघात झाला तिथे, आवेदक (दावा करणारा) राहतो तिथे किंवा अनावेदक (ज्याच्यावर दावा आहे तो) राहतो तिथे. अपघात घाटाखालच्या धामनोदला झाला आणि तुम्ही इंदूरचे असाल तर दावा इंदूरला टाका, पेशीसाठी (कोर्टाच्या तारखेसाठी) घाट उतरायची गरज नाही. मुदत अपघातापासून सहा महिन्यांची आहे, हा नियम 1 एप्रिल 2022 पासून लागू आहे. 'हाड जुळू दे, मग बघू' म्हणणारे इथेच अडकतात. अनावेदक तिघंही करा: ड्रायव्हर, मालक, विमा कंपनी. गाडी विकली पण आरसीवर जुनंच नाव असेल तर कायद्याने मालक तोच, आरसीवरचा.

माळव्याची_सून
डिस्चार्ज कार्ड!! बाकी सगळं नंतर.

भरती करताना घाबरलेला नातेवाईक सांगतो "गाडीवरून पडला", आणि कॅज्युअल्टीतला डॉक्टर तेच लिहितो, बाइक स्लिप. झालं, समोरची गाडी कागदावर उरलीच नाही. दोन वर्षांनी कंपनीचा वकील उलटतपासणीत तेवढीच एक ओळ वाचून दाखवतो. म्हणून आणणाऱ्याने स्पष्ट सांगायचं: मागून पिकअपने ठोकलं, कुठे, किती वाजता, नंबर दिसला असेल तर एमपी-09 की काय तोही. एमएलसी (पोलीस केस म्हणून हॉस्पिटलची नोंद) करायलाच लावा. चुकीचं लिहिलं गेलं असेल तर पेशंट आत असतानाच डॉक्टरांकडून सहीनिशी दुरुस्त करून घ्या, नंतरची खाडाखोड कोणी मानत नाही.

कुकर लावलाय, येते परत.

खजराना_चौक
+1. एफआयआर उशिरा झाला तर उशीर का झाला ते त्यातच लिहून घ्या (पेशंट आयसीयूत होता वगैरे). उशीर झाला म्हणून दावा मरत नाही. पण एफआयआर महिन्याने आणि त्यात गाडीचा नंबर एकदम पाठ, असं असलं की कंपनी म्हणणारच, गाडी नंतर आणून उभी केली.

वकीलसाहेब_एमजीरोड
थान्याचंही (पोलीस ठाण्याचंही) काम ठरलेलं आहे. 2022 च्या नियमांप्रमाणे पहिला अपघात अहवाल 48 तासांत ट्रिब्युनल (अपघात दाव्यांचं कोर्ट) आणि विमा कंपनीकडे, अंतरिम अहवाल 50 दिवसांत, सविस्तर अहवाल 90 दिवसांत. तो सविस्तर अहवाल म्हणजे डीएआर, आणि ट्रिब्युनल त्यालाच दावा धरू शकतं. पण त्या भरवशावर राहू नका, स्वतःची अर्जीही टाका. चालानची (पोलिसांच्या आरोपपत्राची) प्रमाणित नक्कल काढा: एफआयआर, नक्शा मौका (घटनास्थळाचा नकाशा), जप्ती पंचनामा, गाडीची मेकॅनिकल तपासणी, आरसी, लायसन्स, पॉलिसी. नक्शा मौका नीट बघा. गाड्या रस्त्याच्या कुठल्या बाजूला दाखवल्यात, त्यावर चूक कोणाची हे ठरतं. तिथे चुकीची बाजू रंगली की 'दोघांची निम्मी निम्मी चूक' आलीच, आणि रक्कम अर्धी.

आणि थान्यात 'मला कारवाई नको' असं कागदावर लिहून देऊ नका, समोरचा कितीही ओळखीचा निघो.

पोहे_जिरावन
मागे बसलेल्याला मिळतं का?

वकीलसाहेब_एमजीरोड
समोरच्या गाडीची चूक असेल तर तिच्या विम्यातून मिळतं. चूक आपल्याच चालवणाऱ्याची असेल तर आपल्या गाडीची पॉलिसी बघावी लागते. नुसती थर्ड पार्टी असेल तर मागचा तिच्यात येत नाही, पॅकेज (आपल्या गाडीचंही नुकसान धरणारी) असेल तर येतो. दरवर्षी चारशे-पाचशे वाचवतात लोक!

पोहे_जिरावन
भिया मग हेल्मेट नसेल तर?

वकीलसाहेब_एमजीरोड
पाय मोडला असेल तर हेल्मेटचा काय संबंध? हेल्मेट नव्हतं म्हणूनच अपघात झाला किंवा इजा वाढली, हे कंपनीने सिद्ध करायचं असतं. डोक्याला मार असेल तर मात्र वाद होतो.

रामबागकर
ट्रॉलीत बसून लग्नाला जाणाऱ्यांचंही लिहा कोणी. ट्रॅक्टरचा विमा शेतीच्या कामाचा, वर वऱ्हाड बसलेलं. कंपनी बहुतेक वेळा सुटते आणि वसुली मालकाकडून. त्याच्याकडे असतो तो एक ट्रॅक्टर.

हिशोबनीस
आता पैशाचं. लोक इथेच गोंधळतात, म्हणून आकडे मांडतो.

टाइल्स बसवणारा कारागीर, वय 32, कमाई महिना 18,000. वर्षाचे 2,16,000. स्वतःचा धंदा आणि वय 40 च्या आत, म्हणून भविष्यातल्या वाढीचे 40 टक्के जोडा (सुप्रीम कोर्टाचा निकाल, प्रणय सेठी, 2017): 3,02,400. वय 31 ते 35 ला गुणक 16 (सरला वर्मा, 2009): 48,38,400. याला अपंगत्वाच्या टक्क्याने गुणायचं. 30 टक्के धरले तर 14,51,520. 15 धरले तर 7,25,760. एका टक्क्याचे सुमारे 48 हजार!

आता गंमत बघा. सर्टिफिकेटवर '30 टक्के, उजवा पाय' लिहिलेलं असतं. ते पायाचे टक्के, अख्ख्या शरीराचे नाहीत. कंपनी म्हणते, शरीराचे 15 धरा. पण राजकुमार विरुद्ध अजयकुमार (2011) मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की बघायचं ते कमाईवर काय परिणाम झाला. गुडघा वळत नाही, उकिडवं बसता येत नाही, तर टाइल्सवाल्याचं कामच गेलं. त्याला 50 किंवा जास्तही धरता येतात. तोच गुडघा बँकेत टेबलावर बसणाऱ्याचा असेल तर कमाईचं नुकसान शून्याजवळ. म्हणून डॉक्टरांची साक्ष लागते. नुसतं सर्टिफिकेट जोडून भागत नाही. गुडघा किती अंशांपर्यंत वळतो, कुठलं काम जमणार नाही, रॉड काढायला पुढे किती खर्च, हे त्यांच्या तोंडून रेकॉर्डवर आलं पाहिजे.

जखमीच्या केसमध्ये स्वतःच्या खर्चाचा एक तृतीयांश कापत नाहीत, ते मृत्यूच्या केसमध्ये. ही चूक अवॉर्डमध्येही (ट्रिब्युनलच्या निकालात) सापडते, तपासून घ्या.

माळव्याची_सून
आले. हिशोबनीस, 18 हजार सिद्ध कसे करणार ते सांगा ना. ठेकेदार लिहून देत नाही.

हिशोबनीस
आयटीआर असेल तर उत्तम, पण अपघाताच्या आधी भरलेला. नंतर घाईने भरलेल्याकडे कोर्ट संशयाने बघतं. नसेल तर बँक पासबुक, यूपीआयच्या नोंदी, आणि ठेकेदाराला साक्षीला बोलवा. नुसत्या चिठ्ठीला कोण विचारतो! काहीच नसेल तर कलेक्टर दर, म्हणजे किमान वेतन धरतात.

औषधवाला_जेल_रोड
बिलांचं माझ्याकडून. कच्च्या पर्चीवर काही मिळत नाही. बिलावर पेशंटचं नाव, तारीख, बॅच नंबर, आणि सोबत त्याच तारखेचं डॉक्टरांचं प्रिस्क्रिप्शन. थर्मल कागदाची अक्षरं वर्षभरात उडतात, आजच फोटोकॉपी काढा. मेडिक्लेम केला असेल तर ओरिजिनल टीपीएकडे (मेडिक्लेमचे दावे बघणाऱ्या एजन्सीकडे) जातात, आधी शिक्का मारलेल्या प्रती घेऊन ठेवा. बिलं तारखेने लावून पानांना नंबर आणि शेवटी बेरीज. पिशवीभर बिलं टेबलावर ओतली की बाबू बघणारसुद्धा नाही.

पोहे_जिरावन
जेल रोडवर मोबाइल सोडून औषधंपण मिळतात?? 😄

औषधवाला_जेल_रोड
या तुम्ही, चार्जर लावून देतो.

खजराना_चौक
गाडी पळून गेली असेल तर? हिट अँड रन.

रामबागकर
त्याची योजना वेगळी. मृत्यूला 2 लाख, गंभीर इजेला 50 हजार. अर्ज एसडीएम किंवा तहसीलदाराकडे, मंजुरी कलेक्टरची, पैसे थेट खात्यात. हाड मोडलं की इजा गंभीर. नंतर गाडी सापडून दाव्यात रक्कम मिळाली तर हे परत करावे लागतात.

सुरुवातीच्या उपचारासाठी मे 2025 पासून कॅशलेस आहे, ठरलेल्या हॉस्पिटलांत दीड लाखापर्यंत, अपघातापासून सात दिवस. विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.

वकीलसाहेब_एमजीरोड
कलम 164 जपून. चूक कोणाची ते न बघता मृत्यूला 5 लाख आणि गंभीर इजेला अडीच लाख मिळतात, पण ते स्वीकारले की 166 चा दावा संपतो. वरच्या टाइल्सवाल्याने अडीच लाखांवर सही केली तर काय होईल ते हिशोबनीसांच्या आकड्यांत बघा.

सराफा_रात्री_बारा
आणि तुम्हा लोकांचे 25 टक्के? 😏

वकीलसाहेब_एमजीरोड
टक्केवारीवर फी घ्यायला बार कौन्सिलच्या नियमांत मनाई आहे. चालतं ते चालतं, मी काय सांगू. फी आधी ठरवा, लेखी ठरवा, आणि कोऱ्या कागदावर किंवा चेकवर सही नको, वकील सख्खा मामा असला तरी.

माळव्याची_सून
😂😂 मामा लोक नाराज होतील

खजराना_चौक
ड्रायव्हरकडे लायसन्स नव्हतं तर कंपनी हात वर करते ना?

वकीलसाहेब_एमजीरोड
करते. पण बहुतेक वेळा कोर्ट सांगतं, आधी जखमीला द्या, मग मालकाकडून वसूल करा. अर्जीत ही मागणी लिहून ठेवा.

सराफा_रात्री_बारा
लोक अदालतीत बसावं का? कंपनीवाले फार गोड बोलतात हो.

हिशोबनीस
आधी वरचा हिशोब स्वतः मांडा, मग बसा. तिथे सही झाली की अपील नाही. कंपनीने सांगितलेल्या रकमेत व्याज धरलंय का, अर्जीच्या तारखेपासून की आजपासून, आणि पुढच्या ऑपरेशनचा खर्च आहे का, एवढं विचारा. रॉड अजून पायात असेल तर घाई नको.

अवॉर्ड झाला तर कंपनीने 30 दिवसांत रक्कम जमा करायची असते. नाही केली तर वसुलीची अर्जी, तीही तुम्हालाच टाकावी लागते. पासबुक, आधार, पॅन तयार ठेवा. नावाच्या स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक असला तरी बँक पैसे अडकवते, आणि आपल्याकडे आडनावात 'कर' आहे की 'करे' यावरच अर्धा वेळ जातो.