चाकांवरचे मासेमारीचे घर स्वतः बांधायचे आहे : सांगाडा, भिंती आणि वजन यांविषयी सल्ला हवा

प्रश्न

अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात आम्हाला अकरा हिवाळे झाले आणि त्यांतले सहा आम्ही घडीच्या तंबूत बसून, गोठलेल्या तळ्यांवर वॉलआय मासे धरत काढले. तंबूची तक्रार नाही. पण उणे पंचवीस अंशांत, वाऱ्यात, कडक झालेले कापड घडी करताना बोटे बधिर होतात आणि मुलांना रात्री मुक्कामाला नेता येत नाही. म्हणून या उन्हाळ्यात चाकांवरचे घर, ज्याला इकडे सगळेच व्हीलहाउस म्हणतात, ते स्वतः बांधायचे ठरवले आहे.

माझ्या मनातील आकार ८ फूट रुंद, १६ फूट लांब आणि पुढे व्ही-आकाराची चोच असा आहे. चौघांना झोपता यावे आणि खालच्या बर्फातून मासे धरण्यासाठी जमिनीत सहा छिद्रे असावीत, एवढीच अपेक्षा आहे. सुतारकाम मला चांगले येते. वेल्डिंग येते, पण आजवर फाटके आणि मांडण्या यांपलीकडे काही केलेले नाही. ओढायला ‘अर्ध्या टनाचा’ म्हणतात त्या हलक्या वर्गातला पिकअप आहे. खालचा चाकांचा पोलादी सांगाडा स्वतः जोडावा की तयार आणावा, भिंतींच्या चौकटीला लाकूड वापरावे की अॅल्युमिनियम, आणि एकूण वजन कोठे थांबवावे, या तीन बाबींवर ज्यांनी हे काम प्रत्यक्ष केले आहे त्यांचे मत हवे आहे.

पहिले उत्तर

सांगाडा तयार आणावा आणि वरचे सगळे घर स्वतः बांधावे, असे माझे स्पष्ट मत आहे. साध्या ट्रेलरला एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत सरळ अॅक्सल, म्हणजे आस, असतो. व्हीलहाउसला तो चालत नाही, कारण घर बर्फावर टेकवायचे असते. येथे प्रत्येक चाक आपापल्या भुजेवर असते, ती भुजा पुढच्या टोकाला सांगाड्याशी बिजागरीसारखी जोडलेली असते, आणि विंचेची, म्हणजे दांड्याने फिरवायच्या रहाटाची, तार सैल सोडली की भुजा वर फिरून सांगाडा खाली बसतो. रस्त्यावर असताना हा सगळा भार तारेवर नव्हे तर पोलादी पिनांवर असला पाहिजे. डाव्या आणि उजव्या भुजेची भोके वेल्डिंगच्या उष्णतेने जराशी जरी सरकली, तरी चाके एका रेषेत राहत नाहीत, घर तिरपे चालते आणि टायर एका कडेने झिजू लागतात. फाटक तिरपे झाले तर कडी बसत नाही एवढेच. हे तिरपे झाले तर महामार्गावर कळते.

विंच मात्र ब्रेक असलेलीच घ्यावी. घर खाली सोडताना साध्या विंचेचा दांडा हातातून निसटला तर तो पंख्यासारखा फिरतो आणि मनगट वाचत नाही.

सांगाड्याची मागणी नोंदवण्यापूर्वी छिद्रांचा नकाशा काढा. हे मी अनुभवाने सांगतो आहे. मी आधी सांगाडा आणला, मग जमिनीवर चिकटपट्टी लावून बाके, टेबल आणि छिद्रे आखली, आणि प्लायवूड अंथरून पहिले भोक पाडायला घेतले तेव्हा करवतीचे पाते दोन इंचांतच खणकन वाजले. खाली आडवी पोलादी नळी होती. सहांपैकी दोन छिद्रे अशी नळीवर आली. एक सरकवता आले, दुसरे सोडून द्यावे लागले आणि त्या जागी आजही एक निरुपयोगी कपाट उभे आहे. तेव्हा आधी गॅरेजच्या फरशीवर खडूने पूर्ण आराखडा काढा, त्यात खुर्च्या ठेवून घरातल्या सर्वांना बसवा, मासा वर काढताना कोपर भिंतीला लागते का ते पाहा, आणि मगच आडव्या नळ्या कोठे हव्यात ते सांगाडा करणाऱ्याला कळवा. दारासमोर आणि फर्नेसच्या, म्हणजे घर गरम करणाऱ्या गॅसच्या भट्टीच्या, तोंडाशी छिद्र ठेवू नये. चाकांच्या खोक्यांमुळे दोन्ही बाजूंना जी उंच जागा तयार होते, तिच्यावर बाक चांगले बसते.

सामानाची मांडणीही याच नकाशात ठरते, कारण ओढताना एकूण वजनाचा साधारण १० ते १५ टक्के भार हिचवर, म्हणजे गाडीला जोडणाऱ्या आकड्यावर, यायला हवा. पलंग, बॅटरी आणि कपाटे मागच्या भिंतीला गेली की हिच हलकी होते आणि घर रस्त्यावर शेपटी हलवू लागते. गॅस सिलिंडर चोचीवर असतात ते बऱ्याच अंशी यामुळेच.

एक फुटकळ वाटणारी गोष्ट: गॅरेजच्या दाराची उंची आजच मोजा. साडेसहा फूट मोकळी उंची, त्यावर छप्पर आणि खाली सांगाडा धरला, तर सात फुटी दारातून घर टेकवलेल्या अवस्थेतही बाहेर पडत नाही. माझ्या ओळखीत एकाने दाराची वरची चौकट कापली आहे.

दुसरे उत्तर

सांगाड्याबद्दल वरील मताशी मी सहमत आहे. भिंतींबद्दल थोडे लिहितो, कारण बहुतेक घरे बर्फाने नव्हे, ओलीने खराब होतात.

अॅल्युमिनियमची चौकट हलकी असते आणि कुजत नाही, पण ती थंडी सरळ आत आणते. माझ्या पहिल्या घरात सकाळी उठल्यावर आतल्या फळ्यांवर प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर बर्फाची पांढरी टिकली उमटलेली दिसे, इतकी नेमकी की चौकट भिंतीत कोठे आहे ते दिवा न लावता बोटाने सांगता येई. फर्नेस पेटली की त्या टिकल्या वितळून फळीवर ओघळत. आता मी लाकडी चौकट वापरतो आणि पोकळीत बंद पेशींचा स्प्रे फोम भरून घेतो. तो उष्णता रोखतो, वाफ अडवतो आणि सुकल्यावर भिंतीला ताठ करतो, म्हणून खड्ड्यांच्या रस्त्यावर सांधे सैल होत नाहीत. जमिनीच्या फळ्यांखालीही तोच भरावा. पाय गारठले की बाकीची ऊब कामाची नाही. अॅल्युमिनियमच्या पत्र्याला किंवा सांगाड्याला तांब्याचे रसायन मुरवलेले लाकूड थेट टेकवू नये, ओल लागली की धातू खाल्ला जातो.

उष्णतेसाठी बंद ज्वलनाची, बाहेरून हवा घेऊन धूर बाहेर टाकणारी फर्नेसच हवी. उघड्या ज्योतीचा हीटर स्वस्त पडतो, पण एक पौंड प्रोपेन, म्हणजे सिलिंडरमधला गॅस, जळला की सुमारे १.६ पौंड पाणी तयार होते, आणि हीटर उघडा असेल तर ते सगळे आपल्याच खोलीत राहते. कार्बन मोनॉक्साइडचा धोका तर त्याहून मोठा आहे. त्याचा सूचक झोपण्याच्या उंचीवर बसवा आणि दर हंगामाच्या आरंभी बटण दाबून तपासा.

प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतो, त्यामुळे उणे तिसाच्या आसपास सिलिंडरमधील दाब फारच कमी उरतो आणि जवळजवळ रिकामा सिलिंडर नेमका पहाटे दगा देतो. दोन सिलिंडर आणि आपोआप बदलणारा रेग्युलेटर ठेवा. फर्नेसचा पंखा ३ अँपिअर घेतो असे धरले आणि बारा तासांच्या रात्रीत तो निम्मा वेळ चालला, तरी १८ अँपिअर-तास गेले. दिवे आणि मासे शोधायचे सोनार यंत्र वेगळे. लिथियम बॅटरी घेतल्यास ती उबेच्या बाजूला ठेवा, कारण शून्याखाली ती चार्ज करू नये.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. दाराची उंची मोजली; सात फूटच आहे, तेव्हा घर शेडमध्ये बांधावे लागेल. पाऊण इंची प्लायवूडची एक ४ बाय ८ फुटी शीट साधारण ७० पौंडांची भरते, आणि जमिनीला अशा चार लागतात. या हिशेबाने सगळे मिळून ३५०० पौंडांच्या आत ठेवता येईल असे वाटते. एवढे बर्फाला चालेल का?

तिसरे उत्तर

बर्फापूर्वी रस्ता येतो. मिनेसोटात ३००० पौंडांपुढच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लागतात, तेव्हा विद्युत ब्रेक सांगाड्याबरोबरच मागवा. शिवाय ३५०० हा आकडा रिकाम्या घराचा आहे. त्यात सिलिंडर, ऑगर (बर्फात छिद्र पाडायचा गिरमिट), बिछाने, खाणेपिणे आणि चार माणसांचे सामान आले की तो राहत नाही. बांधताना प्रत्येक वस्तू काट्यावर ठेवून वहीत लिहीत गेलात तर ओक लाकडाच्या कपाटांचा मोह आपोआप सुटेल.

आता बर्फ. राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाचे मार्गदर्शन असे आहे की स्वच्छ, घट्ट, नव्या बर्फावर पायी जायला ४ इंच, स्नोमोबाइलला ५ ते ७ इंच, मध्यम आकाराच्या पिकअपला १३ इंच, आणि व्हीलहाउस ओढणाऱ्या जड ट्रकला २० इंच किंवा अधिक जाडी हवी. पांढरा, बर्फाळ चिखलातून गोठलेला बर्फ असेल तर हे आकडे दुप्पट धरावेत. आपला पिकअप हलका आहे म्हणून आकडा स्वतःच्या सोयीने खाली आणू नये. एकाच जागी मोजून भागत नाही. जाताना ठिकठिकाणी छिद्र पाडून पाहावे, कारण प्रवाहाजवळ आणि भेगांजवळ जाडी अचानक उतरते. गाडी सावकाश चालवावी, वेगाने बर्फाखाली लाट उठते.

उभ्या घराचा भार चालत्या गाडीपेक्षा वेगळा वागतो. तासन्‌तास एकाच जागी वजन राहिले की बर्फ हळूहळू वाकतो. याचे माप घरातच असते. बर्फ पाण्यापेक्षा हलका असल्याने त्याच्या जाडीचा सुमारे बारावा भाग पाण्यावर तरंगतो. म्हणजे २० इंच बर्फात पाडलेल्या छिद्रात पाणी काठाच्या दीड इंचाहून थोडे खाली दिसायला हवे. मी उतरल्याबरोबर छिद्राच्या कडेला पाणी कोठवर आहे ते पाहतो आणि झोपण्यापूर्वी पुन्हा पाहतो. पाणी काठाला आले तर बर्फ खचतो आहे, आणि ट्रक लगेच लांब नेऊन घरही हलवायचे. भिंतींच्या बाजूने वारा अडवायला हिमाचा बांध घालतात, त्याचेही वजन याच हिशेबात येते.

घर टेकवताना सांगाड्याच्या चारही कोपऱ्यांखाली लाकडाचे ठोकळे आडवे ठेवा. एकदा मी घाईत ते विसरलो. रात्री थोडे पाणी वर आले, गोठले, आणि सकाळी अर्धा दिवस पहारीने सांगाडा सोडवण्यात गेला. घर उचलताना विंचेवर जोर देऊन चिकटलेला सांगाडा उपटू नये, तार आणि भुजा दोन्ही बिघडतात.

राज्याचे नियम थोडक्यात. घर बर्फावर सोडून जाणार असाल तर परवाना लागतो आणि बाहेरून ओळख स्पष्ट लिहावी लागते. रात्री प्रकाश परावर्तित करणारी पट्टी चारही बाजूंना हवी. दुसऱ्याच्या घरापासून १० फुटांच्या आत आपले उभे करता येत नाही. मार्चच्या पहिल्या सोमवारी राज्याच्या दक्षिण भागातली आणि तिसऱ्या सोमवारी उत्तर भागातली घरे उचलावी लागतात; त्यानंतर मध्यरात्र ते सूर्योदयापूर्वीचा एक तास या वेळेत घरात कोणी असेल तरच ते बर्फावर राहू शकते. कचरा आणि सांडपाणी बर्फावर टाकता येत नाही, तेव्हा त्यासाठीच्या डब्यांची जागा आत्ताच खडूच्या नकाशात धरा, शक्यतो दाराजवळ.