प्रतिसाद: रक्तदाब आणि नाकाचे स्प्रे

‘नाकाचे सगळेच स्प्रे रक्तदाब वाढवतात’ हे मत अर्धेच खरे आहे. चोंदलेले नाक लगेच मोकळे करणारे झायलोमेटाझोलीन किंवा ऑक्सिमेटाझोलीनचे थेंब रक्तवाहिन्या आकुंचित करतात, म्हणून रक्तदाब असणाऱ्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घालू नयेत. फ्लुटिकासोन, मोमेटासोन यांसारख्या, नाकातली सूज कमी करणाऱ्या स्टिरॉइड स्प्रेंचा मात्र नेहमीच्या मात्रेत रक्तदाबावर सहसा परिणाम होत नाही, फक्त पूर्ण गुण यायला काही दिवस लागतात.

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावी कापूस वेचणीच्या दिवसांत बाबांनी पहिल्या प्रकारचे थेंब महिनाभर घातले, तेव्हा नाक उलट अधिकच चोंदू लागले आणि नियमित गोळी घेऊनही रक्तदाब चढाच राहिला. सोबत दुकानातून आणलेली सर्दीची गोळीही चालू होती. तिच्यात फिनाइलएफ्रिन हे तसेच रक्तवाहिन्या आकुंचित करणारे औषध आहे, हे आम्हाला पाकीट डॉक्टरांना दाखवल्यावरच कळले.