बंद बंगले आणि परदेशातले मालक: पाचगणीच्या सोसायटी ग्रुपवरची चर्चा

आबा (सचिव, बंगला ४): नमस्कार मंडळी. मागच्या गल्लीतल्या बंद बंगल्यात परवा रात्री चोरी झाली. आपल्या सोसायटीतला नव्हे, पण मधे एकच कुंपण आहे. इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या, गॅसची टाकी, बाथरूममधले पितळी नळसुद्धा काढून नेले. पाणी रात्रभर वाहत राहिलं, खालच्या खोलीतलं लाकडी फ्लोअरिंग फुगून वर आलंय. मालक दुबईला. त्यांना फोन लागेपर्यंत दुपार झाली. आपल्याकडंही बरेच मालक परदेशात आहेत, आणि पावसाळा तोंडावर आलाय.

बंगला ११ (लंडन): आबा, वाचून धस्स झालं. माझे चार कॅमेरे आहेत, मोबाईलवर लाइव्ह दिसतं. तेवढं पुरेल ना?

वहिनी (बंगला ५): भाऊजी, नाही पुरणार. मी बारा महिने इथं राहते म्हणून सांगते. तुमच्या पोर्चमधल्या कॅमेऱ्यावर कोळिष्टक धरलंय, रात्री उजेड त्याच्यावरच पडून चित्र पांढरंफटक होत असणार. धुक्यात तर सगळ्यांचेच कॅमेरे आंधळे. लाइट गेली की राउटर बंद, मग तुम्हाला काय दिसणार? रेकॉर्डिंगचा डबा टीव्हीखाली आहे, चोर तोही उचलून नेईल. तो कुलपात ठेवा, राउटरला बॅटरी लावा. आणि झड लागू नये म्हणून मागच्या बाजूला ताडपत्री बांधता, तिनं मागचं दार पूर्ण झाकलं जातं. आड बसून कुणी तासभर कोयंडा कापला तरी रस्त्यावरून कळणार नाही. यंदा दारापुरती जागा मोकळी सोडायला सांगा.

बंगला ३ (न्यूजर्सी): समजा दिसलं कुणीतरी, तर मी काय करू? इथून पोलिसांचा ११२ नंबर फिरवून पाचगणीची गाडी थोडीच येणार.

आबा: मी तेच म्हणतोय. आपल्याकडं पहाटेचे तीन वाजतात तेव्हा सध्या लंडनला रात्रीचे साडेदहा आणि न्यूजर्सीत संध्याकाळचे साडेपाच. चोर येईल तेव्हा तुम्ही जागे, आम्ही गाढ झोपेत. दिसेल तुम्हाला, पण जायचं कुणी? म्हणून प्रत्येक बंद बंगल्यामागं इथली दोन माणसं ठरवू, एक केअरटेकर आणि एक शेजारी. ग्रुपवर मेसेज टाकून बसू नका, थेट फोन करा, उचलेपर्यंत करा. ते ११२ लावतील, शेजाऱ्यांना उठवतील, दिवे लावतील. अंधारात एकट्यानं आत शिरायचं नाही, हे माझं सगळ्यांना हात जोडून सांगणं आहे.

काका (बंगला २, निवृत्त फौजदार): फिर्यादीसाठी मालकाची वाट बघू नका. चोरीसारख्या दखलपात्र गुन्ह्याची खबर कुणीही देऊ शकतं, केअरटेकरसुद्धा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक मार्गानंही खबर देता येते, पण देणाऱ्याला ३ दिवसांत सही करावी लागते. परदेशातून ते अवघडच. तेव्हा फिर्याद इथल्या माणसानं द्यावी, यादी तुम्ही द्या: टीव्ही, बॅटरी, पाण्याची मोटर यांचे सिरियल नंबर, बिलं, फोटो. नोकरीत असताना मी माल सापडलेला बघितलाय आणि तो आपलाच हे मालकाला सिद्ध न करता आलेलंही बघितलंय. शिवाय मुद्देमाल कोर्टातून सोडवायला इथल्या माणसाजवळ मुखत्यारपत्र, म्हणजे तुमच्या वतीनं काम करायचा लेखी अधिकार, असलेलं बरं. ते तिकडच्या भारतीय वकिलातीत सही करून पाठवा. महाराष्ट्रात पोचल्यापासून ३ महिन्यांत इथं मुद्रांक शुल्क भरायचं असतं.

बंगला ३ (न्यूजर्सी): विम्याचं काय?

काका: पॉलिसी काढून वाचा. घर बरेच दिवस सलग बंद राहणार असेल तर कळवायची अट असू शकते. न कळवल्यास दावा अडकतो.

वहिनी: एक मनापासून बोलते. चोरी झाली की पहिला संशय केअरटेकरवर, पहिली चौकशी त्याचीच. खिंगर-दांडेघरची ही माणसं भर पावसात तुमच्या घराची कौलं बघायला येतात. त्यांची पोलिसांत नोंद करा, ती त्यांच्याही फायद्याची आहे. पण पगार तीन-तीन महिने थकवायचा आणि वर चोराकडं बघावं तसं बघायचं, हे बरं नाही. वेळेवर पैसे द्या, आठवड्यातून एकदा स्वतः फोन करून बोला.

बंगला ११ (लंडन): वहिनी, पटलं. आजच आमच्या केअरटेकर दादांना फोन करतो. दुसरी किल्ली तुमच्याकडं ठेवली तर चालेल?

वहिनी: चालेल की! पण किल्ली कुठल्या दाराची ते तिच्यावर लिहू नका, मला फोनवर सांगा.

आबा: मी गुरुवारी या नोंदीसाठी पोलिस ठाण्यात जातोय. केअरटेकरचं आधार, दोन फोटो आणि तुमचा तिकडचा नंबर बुधवारपर्यंत मला वेगळा पाठवा, ग्रुपवर टाकू नका.