बारा मित्रांची गोल्फ स्पर्धा : हँडिकॅपचा मेळ कसा घालावा?

प्रश्न : सकाळची_फेरी

आम्ही बारा मित्र गेली चार वर्षे वर्षातून एकदा अठरा होलची स्पर्धा खेळतो. तिला स्पर्धा म्हणणे थोडे धाडसाचेच आहे, कारण बारापैकी आठ जणांकडेच अधिकृत हँडिकॅप इंडेक्स (खेळाडूला किती फटक्यांची सूट द्यायची ते ठरवणारा आकडा; खेळ जितका कच्चा तितका तो मोठा) आहे आणि उरलेले चौघे वर्षभरात मोजून पाच-सहा वेळा मैदानावर येतात. आमच्यातील सर्वांत चांगल्या खेळाडूचा इंडेक्स ६.२ आहे, तर इंडेक्स असलेल्यांत सर्वांत कच्चा मी, माझा २८.४. आजवर आम्ही सरळ फटके मोजत आलो आणि ज्याचे फटके सर्वांत कमी त्याला करंडक देत आलो. साहजिकच चारपैकी तीन वर्षे करंडक एकाच घरी गेला असून, चौथ्या वर्षी तो दुसरीकडे गेला तो केवळ हा मित्र आजारी होता म्हणून.

गेल्या वर्षी प्रकरण थोडे चिघळले. पाचव्या होलवर एका मित्राचा चेंडू ग्रीनशेजारच्या खोल बंकरमध्ये गेला. तिथले पहिले चार फटके त्याने मोठ्याने मोजले आणि आम्हीही हसत हसत साथ दिली. पाचव्यानंतर त्याने मोजणे थांबवले आणि आम्ही हसणे. वाळू उडत होती, चेंडू कडेला आपटून पुन्हा त्याच्याच बुटापाशी येत होता, आणि आम्ही तिघे पटर हातात धरून झेंड्याकडे बघत उभे होतो. शेवटी कार्डावर १४ हा आकडा लिहावा लागला. त्याच्यापुरती स्पर्धा तिथेच संपली. पुढचे तेरा होल तो केवळ आमच्याबरोबर चालत होता.

या वर्षी स्पर्धेची आखणी माझ्याकडे आली आहे. सर्वांना शेवटच्या होलपर्यंत रस राहील असा कोणता प्रकार निवडावा, इंडेक्स नसलेल्या चौघांना हँडिकॅप कसा द्यावा, आणि ज्यावरून दर वर्षी वाद होतो त्या दीड हाताच्या पटला (ग्रीनवरच्या शेवटच्या हलक्या फटक्याला) ‘दिला’, म्हणजे न मारताच आत गेला, असे म्हणावे की नाही, या तिन्हींबाबत अनुभवी मंडळींचे मत हवे आहे.

उत्तर : स्कोअरकार्ड_वाचक

आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्या १४ मध्येच आहे. एकूण फटके मोजण्याच्या पद्धतीत एक होल बिघडला की उरलेल्या सतरा होलांची मेहनत वाया जाते, आणि हौशी खेळाडूचा एखादा होल बिघडणारच. याच अडचणीवर उपाय म्हणून फ्रँक स्टेबलफोर्ड या डॉक्टरांनी गुणांची पद्धत काढली. १८९८ मध्ये वेल्समधील ग्लॅमॉर्गनशायर क्लबवर तिचा पहिला प्रयोग झाला आणि १९३२ पासून इंग्लंडमधील वॉलसी क्लबवरून ती सर्वत्र रूढ होत गेली. तिच्यात हँडिकॅपचे फटके वजा केल्यावर होल पारमध्ये, म्हणजे त्यासाठी ठरलेल्या फटक्यांत, झाला तर २ गुण, बोगीला (एक फटका जास्त) १, बर्डीला (एक कमी) ३, ईगलला (दोन कमी) ४, आणि डबल बोगी (दोन जास्त) किंवा त्याहून वाईट काहीही झाले तरी शून्य. शून्याच्या खाली काही नाही, हीच तिची खरी खुबी. बंकरमध्ये सहा फटके घालवले काय किंवा सोळा, नुकसान तेवढेच.

हँडिकॅपचे गणित किचकट वाटते, पण एकदा हाताने करून पाहावे म्हणजे भीती जाते. २०२० पासून लागू झालेल्या जागतिक हँडिकॅप पद्धतीत आपल्या इंडेक्सला मैदानाच्या स्लोप रेटिंगने (कच्च्या खेळाडूला ते किती अवघड जाते त्याचा आकडा) गुणून ११३ ने भागतात आणि त्यात कोर्स रेटिंग (निष्णात खेळाडूला तिथे अपेक्षित असलेले फटके) व पार यांच्यातील फरक मिळवतात. उदाहरणादाखल पार ७२, कोर्स रेटिंग ७१.२ आणि स्लोप १२४ धरू. आपले २८.४ गुणिले १२४, भागिले ११३ म्हणजे ३१.१६, त्यातून ०.८ गेले की ३०.३६. वैयक्तिक स्टेबलफोर्डसाठी याच्या ९५ टक्के घेण्याची सर्वसाधारण शिफारस आहे, म्हणजे २८.८, पूर्णांकात २९. याच रीतीने ६.२ वाल्या मित्राला ६ फटके मिळतील. हे फटके कार्डावरील स्ट्रोक इंडेक्सच्या, म्हणजे होलांच्या अवघडपणाच्या, क्रमाने वाटायचे : मित्राला सर्वांत अवघड सहा होलांवर प्रत्येकी एक, आणि आपल्याला अठराही होलांवर एकेक मिळून शिवाय पहिल्या अकरा अवघड होलांवर आणखी एकेक.

म्हणजे स्ट्रोक इंडेक्स ७ असलेल्या पार ४ च्या होलवर आपल्याला दोन फटके मिळतात. तिथे सहा फटक्यांत चेंडू आत गेला तर २ गुण, सातात गेला तर १, आणि सातवा मारूनही चेंडू बाहेरच असेल तर तो उचलून खिशात घालावा व पुढच्या टीकडे (होलचा पहिला फटका मारण्याच्या जागेकडे) चालू लागावे. मित्रांनी तिथे ‘उचल रे’ असे मोकळेपणाने म्हणण्याची प्रथा पाडावी. त्यात अपमान नाही, मागच्या गटाची सोय आहे. कार्डावर प्रत्येक होलचे प्रत्यक्ष फटकेच लिहावेत आणि गुणांची बेरीज आपण, म्हणजे आयोजकाने, नंतर करावी. तीन तास चालून आलेल्या माणसाला बेरीज-वजाबाकी करायला लावली की नवे वाद सुरू होतात.

फटके मोजण्याचाच कोणाचा आग्रह असेल तर २०१९ च्या नियमांत कमाल फटक्यांचा प्रकारही आला आहे. त्यात प्रत्येक होलसाठी आयोजक मर्यादा ठरवतो, उदाहरणार्थ पारच्या दुप्पट. तो वाईट नाही, पण माझा कौल स्टेबलफोर्डलाच.

उत्तर : वाळूचा_खड्डा

वरील उत्तराशी सहमत आहे. मी फक्त इंडेक्स नसलेल्या चौघांविषयी लिहितो, कारण मैत्रीतील स्पर्धा बहुतेक वेळा तिथेच फसते. आयोजक अंदाजाने ‘तू २४ घे, तू ३० घे’ असे सांगतो. मग ३० वाला जिंकतो आणि वर्षभर त्याला टोमणे ऐकावे लागतात.

हाताशी दोन महिने असतील तर चौघांनाही अठरा होलच्या तीन फेऱ्या खेळून कार्डे आणायला सांगावे. अधिकृत इंडेक्सलासुद्धा सुरुवातीला ५४ होलच लागतात. पहिल्या इंडेक्ससाठी एका होलवर पार अधिक पाचपेक्षा जास्त फटके धरत नाहीत. समजा एकाची सर्वांत चांगली फेरी अशा रीतीने १०४ ची झाली. त्यातून ७१.२ वजा करून ११३ ने गुणावे व १२४ ने भागावे, २९.९ येतात. केवळ तीनच कार्डे असताना सर्वांत कमी आकड्यातून आणखी २ वजा करतात, म्हणून त्याचा कामचलाऊ इंडेक्स २७.९. कार्डावर सोबत्याची सही हवी, हे मात्र आवर्जून सांगावे.

दोन महिने नसतील तर कोणीतरी पिओरिया पद्धत सुचवेल. तिच्यात आयोजक सहा होल गुपचूप निवडतो, पार ३, ४ आणि ५ चे प्रत्येकी दोन. फेरी संपल्यावर त्या सहा होलांवरील फटक्यांना ३ ने गुणून त्यातून पार वजा करतात आणि उरलेल्याच्या ८० टक्के हँडिकॅप धरतात. सहा होलांवर ३८ फटके झाले असतील तर ११४ वजा ७२, म्हणजे ४२, आणि त्याचे ८० टक्के म्हणजे ३३.६. ऐकायला छान वाटते, पण यात नेमक्या गुप्त होलांवर ज्याचा खेळ बिघडला आणि इतरत्र सावरला त्याचे नशीब फळफळते. मी एकदा असाच जिंकलो आहे. बक्षीस घेताना इतका संकोच वाटला की पुढच्या वर्षी या पद्धतीविरुद्ध पहिले मत मीच दिले. एकमेकांना न ओळखणाऱ्या शंभर पाहुण्यांसाठी ती ठीक. बारा मित्रांसाठी नको.

उत्तर : शेवटचा_पट

‘दिला’ म्हणण्याविषयी नियम स्पष्ट आहे : होलागणिक हार-जीत ठरणाऱ्या मॅच प्लेमध्ये पट सोडता येतो, फटके किंवा गुण मोजण्याच्या खेळात नाही. यामागचे कारण सरळ आहे. मॅच प्लेमध्ये मी पट सोडला तर नुकसान माझे एकट्याचे होते. बारा जणांच्या स्पर्धेत माझ्या गटात मी उदार झालो तर त्याची किंमत मागच्या गटातील माणूस मोजतो, ज्याला तो पट दिसलासुद्धा नाही. अमेरिका व ब्रिटन यांच्या संघांतील १९६९ च्या रायडर कपमध्ये रॉयल बर्कडेल येथे शेवटच्या होलवर जॅक निकलसने टोनी जॅकलिनला दोन-अडीच फुटांचा पट सोडला आणि सामना १६-१६ असा बरोबरीत सुटला, याचे दाखले ‘दिला’वाले नेहमी देतात, पण तो मॅच प्ले होता, हे सोयीस्करपणे विसरतात.

तरीही आपसांत सवलत ठेवायचीच असेल तर ती मापाने ठेवावी, मनाने नव्हे : पटरच्या मुठीवरील पट्टीच्या लांबीइतके अंतर असेल तरच, आणि बाराही जणांना सारखे. खराब गेलेला पहिला फटका पुन्हा मारू देण्याची प्रथा नियमांत कुठेच नाही. सराव म्हणून खुशाल मारावा, कार्डावर नको.

प्रतिसाद : सकाळची_फेरी

सर्वांचे आभार. मी हे सर्व आमच्या मंडळींसमोर ठेवले आणि स्टेबलफोर्डला दहा जणांनी होकार दिला. आमचा ६.२ वाला मित्र मात्र नाराज आहे. त्याचे म्हणणे असे की त्याने वर्षानुवर्षे सराव करून खेळ सुधारला आणि आता मला त्याच्यापेक्षा २३ फटके जास्त मिळणार असतील, तर सराव न करणाऱ्यालाच बक्षीस दिल्यासारखे होईल. मला त्याचे म्हणणे पूर्णपणे खोडताही येत नाही. शिवाय बारापैकी कोणी मुद्दाम इंडेक्स वाढवून आला तर काय करावे?

उत्तर : स्कोअरकार्ड_वाचक

आपल्या मित्राची तक्रार समजण्यासारखी आहे, पण ती हँडिकॅपच्या मूळ कल्पनेवर आहे, आपल्या स्पर्धेवर नाही. इंडेक्स हा शेवटच्या २० फेऱ्यांपैकी सर्वांत चांगल्या ८ फेऱ्यांच्या सरासरीवरून निघतो, म्हणजे तो खेळाडूचा नेहमीचा खेळ सांगत नाही, चांगल्या दिवसाचा खेळ सांगतो. म्हणूनच ३६ गुण मिळवणे हे ‘आपल्या हँडिकॅपला खेळणे’ समजले जात असले तरी बहुतेक दिवशी बहुतेक लोक ३६ च्या खालीच राहतात. आपल्याला २९ फटके मिळाले म्हणून कोणी करंडक आपल्या हाती ठेवत नाही. ते फटके वापरून चांगला दिवस आपल्यालाच काढावा लागतो.

९५ टक्क्यांमागेही हाच विचार आहे. कच्च्या खेळाडूंचे गुण एका दिवसात फार वर-खाली होतात, त्यामुळे बारा जणांत त्यांपैकी एखाद्याचा दिवस अफाट जाण्याची शक्यता मोठी असते. पाच टक्क्यांची कपात आपल्याला दीड फटक्याला पडते आणि आपल्या मित्राला जेमतेम पाव ते अर्ध्या फटक्याला. हा झुकाव त्याच्याच बाजूने आहे, हे त्याला शांतपणे दाखवावे. त्याखेरीज हँडिकॅप न धरता सर्वांत कमी फटके करणाऱ्यासाठी वेगळे बक्षीस ठेवावे. ते त्यालाच मिळेल, हे सर्वांना ठाऊक आहे आणि त्यात काही बिघडत नाही.

इंडेक्स फुगवण्याविषयी बोलायचे तर ३९-४० गुण कोणालाही कधीतरी मिळू शकतात. ४५ मिळाले तर पुढच्या वर्षी त्या व्यक्तीचे दोन-तीन फटके आयोजकाने कमी करावेत, पण ही अट या वर्षीच्या स्पर्धेआधी लिहून ठेवावी. निकाल लागल्यावर काढलेला नियम हा नियम नसतो, आरोप असतो.

उत्तर : वाळूचा_खड्डा

दोन-चार गोष्टी राहिल्या, त्या भराभर सांगतो. चार-चार जणांचे तीन गट करताना प्रत्येक गटात नियम जाणणारा किमान एक जण असावा आणि कार्डे अदलाबदल करून लिहावीत. हरवलेला चेंडू शोधायला २०१९ पासून पाच नव्हे, तीनच मिनिटे मिळतात. शंका आली की लगेच तात्पुरता दुसरा चेंडू मारून ठेवावा. तो मारायचा राहिला तर टीपर्यंत परत पाठवण्याऐवजी दंडाचे दोन फटके घेऊन फेअरवेच्या (टीपासून ग्रीनकडे जाणाऱ्या कापलेल्या गवताच्या पट्ट्याच्या) कडेला चेंडू टाकू देण्याचा स्थानिक नियम आधी जाहीर करता येतो, आणि हौशी मंडळींसाठी तो फार सोयीचा आहे. गुण समान झाले तर शेवटच्या नऊ होलांचे गुण पाहावेत, मग सहा, मग तीन, मग अठरावा.

बक्षीस रोख रकमेत देऊ नये. २०२२ पासूनच्या हौशी दर्जाच्या नियमांनुसार हँडिकॅपच्या स्पर्धेत रोख बक्षीस स्वीकारता येत नाही, आणि आपल्यातील काही जण क्लबच्या स्पर्धाही खेळत असणार.

प्रतिसाद : सकाळची_फेरी

ठरले. स्टेबलफोर्ड, ९५ टक्के, चौघांची तीन-तीन कार्डे आणि हँडिकॅपविना सर्वांत कमी फटक्यांना वेगळे बक्षीस. ‘दिला’ पूर्ण बंद. यावर मतदान घेतले तेव्हा सर्वांत आधी हात वर केला तो ६.२ वाल्यानेच. सर्व अटी एका पानावर लिहून बाराही जणांच्या सह्या घेतल्या आहेत.

बंकरवाल्या मित्रालाही ते पान दाखवले. पाचव्या होलचा स्ट्रोक इंडेक्स त्याने कार्डावर शोधला, आपल्याला तिथे दोन फटके मिळतात हे बोटांवर मोजले आणि विचारले, “म्हणजे सातव्यानंतर उचलायचा?” मी हो म्हटले. त्यावर, आपण सातव्यातच आत घालू, असे म्हणून तो सॅंड वेज घेऊन सरावाच्या बंकरकडे गेला आहे.